लाल प्रकाश उपचार (लघुदृष्टीसाठी)

मुलांच्या चष्म्याचा उणे नंबर वाढण्याचा वेग कमी व्हावा म्हणून डोळ्यांना ठरावीक वेळ लाल प्रकाश देण्याची पद्धत. सोलापुरात घरोघरी ज्याला ‘मायनसचा नंबर’ म्हणतात तीच लघुदृष्टी: वही नीट दिसते, पण फळा आणि एसटीवरची पाटी पुसट. अशा मुलांचा नेत्रगोल मागच्या बाजूला लांबत जातो आणि प्रतिमा दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, अलीकडेच पडते. लांबी १ मिमीने वाढली, की नंबर साधारण अडीच ते तीन डायॉप्टरने (चष्म्याच्या नंबराचे एकक) चढतो. नंबर फार वाढलेल्यांना मोठेपणी पडदा सरकण्याचा आणि काचबिंदूचा धोका जास्त असतो, म्हणून वेळीच वेग रोखण्याची ही धडपड.

उपचार चीनमध्ये रुजला. दुर्बिणीसारख्या टेबलावरच्या यंत्राला डोळे लावून मूल ६५० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल प्रकाशाकडे पाहते: एका वेळी ३ मिनिटे, दिवसातून दोनदा, मध्ये किमान ४ तासांचे अंतर, आठवड्यातून ५ दिवस. कंबर शेकायचा लाल दिवा हे यंत्र नव्हे. तो मुलांच्या डोळ्यांसमोर मुळीच धरू नये.

परिणाम लक्षणीय आहेत, हे मान्य करायला हवे. चीनमध्ये ८ ते १३ वर्षांच्या २६४ मुलांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरात नेत्रगोल उपचार घेणाऱ्यांत सरासरी ०.१३ मिमी, तर केवळ चष्मा वापरणाऱ्यांत ०.३८ मिमी वाढला. दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर, कोरॉइड, या प्रकाशाने जाड होतो आणि त्यातला रक्तप्रवाह सुधारतो, असे मानले जाते. नेमकी क्रिया अजून उलगडलेली नाही. उपचार थांबवल्यावर मात्र वाढ पुन्हा वेग घेऊ शकते. चष्मा सुटत नाही, हे तर पालकांना आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

खरी काळजी दृष्टिपटलाची. यातली अनेक यंत्रे लेझरवर चालतात. अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात अशा दोन यंत्रांचे मोजमाप झाले, तेव्हा ३ मिनिटांत मिळणारा प्रकाश सुरक्षित मर्यादेला टेकतो किंवा ती ओलांडतो, असे २०२४ मध्ये दिसले. २०२३ मध्ये १२ वर्षांच्या एका मुलीची नोंद प्रसिद्ध झाली. पाच महिने उपचार घेतल्यावर तिला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसू लागले, तपासणीत पीतबिंदूजवळ (दृष्टिपटलाचा सर्वांत स्पष्ट दिसणारा मधला भाग) इजा आढळली. उपचार बंद केल्यावर दृष्टी बरीच सुधारली, पूर्ण नाही. प्रकाश पाहून झाल्यावर डोळ्यांसमोर थोडा वेळ डाग तरळतो. तो पाच मिनिटांनीही गेला नाही, तर उपचार थांबवून नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. लहान मूल असा डाग आपणहून सांगत नाही, विचारावे लागते. दृष्टिपटलाची ओसीटी तपासणी (प्रकाशाने थरांचे चित्र घेण्याची) उपचाराआधी आणि नंतरही ठरावीक काळाने व्हायला हवी. चीननेही ही यंत्रे आता सर्वाधिक जोखमीच्या वैद्यकीय उपकरणांच्या वर्गात टाकली आहेत.

भारतात नेत्रतज्ज्ञ नंबर रोखण्यासाठी कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब आणि खास भिंगांचे चष्मे देतात. आणि सोलापूरला उजेड काही कमी नाही. वर्गात जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, बाहेर कडुनिंबाच्या सावलीतही हजारो. रोज दोन तास बाहेर खेळणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. आधीच लागलेला नंबर रोखायला हा उपाय तितका पुरा पडत नाही. सूर्याकडे पाहायचे नाही, नुसते उजेडात असायचे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो आणि मुले दिवसभर पंख्याखाली मोबाइल घेऊन बसतात. तेव्हा सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पार्क मैदान किंवा कंबर तलावाचा काठ आणि ऊन कलल्यावर गल्लीतले क्रिकेट, एवढे जमले तरी ते दोन तास भरतात.