ऐकून वाजवणं (फ्लामेंको गिटार)

फ्लामेंको ही स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात वाढलेली गाणं-नाच-गिटारची कला, आणि तिथले जुने गिटारवाले बहुतेक सगळे नोटेशनचा कागद न बघता तयार झालेत. घरात बाप वाजवतोय, कुणीतरी टाळ्यांनी ताल धरलाय, पोरगं बघतंय आणि तशीच बोटं ठेवून बघतंय, हीच तालीम.

नावाजलेला फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया (1947–2014) याचंच बघा. अल्गेसिरास गावात वडिलांनी हातात गिटार दिली, थोरला भाऊ रामोन त्याला आधीच्या पिढीतल्या निन्यो रिकार्दो या गिटारवाल्याच्या फाल्सेता शिकवायचा (गाण्याच्या ओळींमधे गिटारवाला जो छोटा तुकडा वाजवतो ती फाल्सेता), आणि हा पठ्ठ्या त्या वाजवताना त्यात स्वतःचं काहीतरी घुसडायचा.

आता यावरून लोक म्हणतात की यांना थिअरी येत नाही. मला हे पटत नाही. गायक बसता बसता फक्त एवढंच सांगतो, 'आल त्रेस, पोर मेदियो', म्हणजे सेखिया (कापो, पट्टी चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या तिसऱ्या पडद्याला) लाव आणि ए कॉर्डच्या शेपवरून वाजव. 'पोर आर्रीबा' म्हटलं की ई चा शेप. खरी पट्टी कुठली झाली हे गिटारवाला मोजत बसत नाही, गायकाचा गळा आणि आपला हात जुळला की काम झालं. स्केल, कॉर्ड, ट्रान्सपोझिशन सगळं त्या तीन-चार शब्दांत आलं की! सुरावट भैरवी ऐकलेल्या कानाला ओळखीची वाटेल, स्वर भैरवी थाटाचेच आहेत, फक्त येऊन थांबायच्या कॉर्डमधे शुद्ध गंधार लागतो.

खरी परीक्षा कोम्पासची, म्हणजे तालाची. सोलेआत 12 मात्रा, जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. एकतालाच्याही 12च, पण तसं मोजायला गेलात तर पहिल्याच आवर्तनात गंडाल. एखादा सूर चुकला तर चालून जातं, कोम्पास सुटला तर नाही.

1991 मधे पाकोने होआकिन रोद्रिगोचा आरान्हुएस कोन्सेर्तो (गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठीची क्लासिकल रचना) ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्ड केला तेव्हाही त्याचा नोटेशनशी धड परिचय नव्हता, कसाबसा उलगडत बसवला, आणि क्लासिकलवाल्यांनी टोनवरून नाकं मुरडली तरी तालाच्या बाबतीत त्याला काय बोलणार.

कागदावर उतरवायचे प्रयत्न जुनेच आहेत, राफाएल मारीनचं शिकवणीचं पुस्तक 1902 सालचं. 1985 पासून रॉटरडॅमच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत विद्यालयात) पाको पेन्या या दुसऱ्या फ्लामेंको गिटारवाल्याने सुरू केलेला रीतसर कोर्सही आहे. पण रास्गेआदोत बोटं एकामागोमाग तारांवर उधळली जातात त्याचा झोल कुठल्याच कागदावर नीट बसत नाही, तिथे अजूनही समोर बसून बघावंच लागतं.