हॉटेल मोड की सर्व्हिस मोड? जुन्या टीव्हीतले दोन लपलेले मेनू

माझ्या एका मित्राने बंद होणाऱ्या लॉजकडून ३२ इंची एलसीडी टीव्ही स्वस्तात घेतला. घरी आणून लावला तर आवाज १८च्या वर जाईना. बटण कितीही दाबा, पट्टी १८वर थांबलेली. चॅनेल ट्यून करायला गेला तर तो पर्याय राखाडी. ओळखीतल्या कुणीतरी फोनवर सांगितलं, "सर्व्हिस मोडमध्ये जा, तिथे सगळं खुलं होतं." तो गेला. आवाजाचं काही सापडेना म्हणून त्याने एकेक ओळ बदलून पाहायला सुरुवात केली, आणि त्यात पॅनेलच्या, म्हणजे आतल्या पडद्याच्या, प्रकाराची ओळही बदलली गेली. क्षणात चित्राचे रंग फिल्मच्या निगेटिव्हसारखे झाले आणि अक्षरं वाचता येईनात. ज्या मेनूतून चूक सुधारायची तो मेनूच दिसेना.

टीव्हीत काही बिघाड नव्हता. त्याला हवा होता हॉटेल मोड आणि तो शिरला सर्व्हिस मोडमध्ये. या दोन्हींना लोक सरसकट "सिक्रेट मेनू" म्हणतात. दोन्ही नेहमीच्या मेनूत दिसत नाहीत आणि दोन्ही रिमोटच्या ठरावीक बटणांनी उघडतात. इतकंच त्यांचं साम्य.

हॉटेल मोड हे मालकाने पाहुण्यासाठी लावलेलं कुलूप आहे. रात्री शेजारच्या खोलीला त्रास नको म्हणून आवाजाची कमाल मर्यादा. टीव्ही सुरू झाला की कोणतं चॅनेल लागावं, आवाज किती असावा. पाहुण्याने ट्यूनिंग बिघडवू नये म्हणून तो मेनू बंद. सेटवरची बटणं बंद, हवं तर रिमोटही बंद. काही सेटांत एका टीव्हीची मांडणी पेन ड्राइव्हवर घेऊन बाकीच्या खोल्यांतल्या टीव्हींत उतरवता येते. यातली प्रत्येक गोष्ट हॉटेलच्या व्यवस्थापकाला कळावी अशा साध्या शब्दांत लिहिलेली असते, आणि बहुतेक सेटांत पहिलीच ओळ असते, हॉटेल मोड चालू की बंद. ती बंद केली की टीव्ही घरगुती होतो. चुकून काही भलतं झालं तरी परत येता येतं.

सर्व्हिस मोडचा पाहुण्याशी, मालकाशी किंवा आवाजाच्या मर्यादेशी संबंध नाही. तिथे त्या एका सेटची मापं असतात. कारखान्यात तुमच्या पिक्चर ट्यूबसाठी किंवा पॅनेलसाठी जे आकडे जुळवले, ते तिथे आहेत. शेजारच्या घरात तेच मॉडेल असलं तरी त्याचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून दुसऱ्याने दिलेली यादी आपल्या सेटवर चालेलच असं नाही.

हा मेनू आला कुठून, हे कळलं की त्याच्याशी कसं वागायचं ते आपोआप कळतं. आपल्याकडे १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रसारण सुरू झालं. त्या काळातल्या सेटांच्या आत छोटे प्रीसेट असायचे, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे. चित्राची उंची, वरपासून खालपर्यंतचा सारखेपणा, लाल-हिरव्या-निळ्याचं प्रमाण, प्रत्येकाला एक. मेकॅनिक मागचं झाकण काढून, समोर आरसा धरून ते फिरवायचा. पुढे फिलिप्सने १९८२मध्येच तयार केलेली आय-टू-सी नावाची दोन तारांची जोडणी टीव्हीत रुळली. मग चित्र सांभाळणाऱ्या आयसीला मुख्य चिप आकड्यांत सांगू लागली, उंची इतकी ठेव, लाल इतका ठेव. ते आकडे २४सी०८ किंवा २४सी१६ सारख्या आठ पायांच्या मेमरी आयसीत राहतात, वीज गेली तरी पुसत नाहीत. प्रीसेट गेले आणि त्यांच्या जागी सर्व्हिस मोड आला. म्हणजे या मेनूतली प्रत्येक ओळ हा एकेकाळी झाकणाआड असलेला स्क्रू आहे. झाकण उघडायची गरज संपली आणि त्याबरोबर हात आखडता घ्यायला लावणारी भीतीही संपली. घोटाळा तिथेच होतो.

आता बटणांकडे या, कारण गफलतीचं दुसरं मूळ तिथे आहे. बऱ्याच कंपन्यांत दोन्ही मेनूंची वाट एकाच बटणापासून फुटते. पॅनासोनिकच्या अनेक जुन्या एलसीडी-प्लाझ्मा सेटांवर टीव्हीचं व्हॉल्यूम कमीचं बटण दाबून धरायचं आणि रिमोटचं एव्ही भराभर तीनदा दाबायचं, की हॉटेल मोड. तेच बटण धरून एव्हीऐवजी इन्फो, किंवा काही मॉडेलांत शून्य, तीनदा दाबलं की सर्व्हिस मोड. सॅमसंगच्या जुन्या एलसीडीवर टीव्ही चालू असताना म्यूट, १, १, ९, एंटर हा हॉटेलचा मार्ग. टीव्ही स्टँडबायवर असताना म्यूट, १, ८, २, पॉवर, किंवा इन्फो, मेनू, म्यूट, पॉवर, हा सर्व्हिसचा. एलजीच्या बऱ्याच सेटांवर रिमोटचं मेनू बटण काही सेकंद दाबून ठेवलं की आकडे टाकायची जागा येते. तिथे १, १, ०, ५ आणि ओके केलं की इन्स्टॉलेशन मेनू उघडतो, त्याच्या पोटात हॉटेल मोड आहे. पण टीव्हीवरचं आणि रिमोटवरचं मेनू एकाच वेळी धरून पासवर्ड विचारला गेला, तर तुम्ही सर्व्हिसच्या दारात आहात. तिथे ०४१३ किंवा ०००० चालतो.

मॉडेल बदललं की यात फरक पडतो, आणि बाजारात मिळणाऱ्या बदली रिमोटवर इन्फो किंवा डिस्प्लेचं बटण अनेकदा नसतंच. म्हणून क्रम पाठ करण्यापेक्षा आत शिरल्यावर कुठे आलो हे ओळखणं जास्त उपयोगाचं. समोर मॅक्सिमम व्हॉल्यूम, पॉवर ऑन चॅनेल, की लॉक असे वाचून समजणारे शब्द दिसले तर हॉटेल मोड. तीन-चार अक्षरांची तुटक नावं आणि पुढे नुसते आकडे दिसले, व्ही-साइज ३१, आर-ड्राइव्ह २८ अशा थाटाचे, तर सर्व्हिस मोड. मग आवाजासाठी तिथे थांबू नका. रिमोटचं पॉवर बटण दाबून बाहेर या. काहीही बदललेलं नसेल तर नुसतं आत जाऊन आल्याने सेटला काही होत नाही.

फिलिप्सने यात एक तिसरी गोष्ट ठेवली आहे, ती मला फार आवडते. त्यांच्या अनेक सेटांवर १, २, ३, ६, ५, ४ दाबलं की फक्त माहिती दाखवणारा पडदा येतो. त्यात सॉफ्टवेअरची आवृत्ती, नोंदलेले एरर कोड वगैरे असतं. बदलता काहीच येत नाही. ग्राहकाने फोनवर वाचून दाखवावं आणि पलीकडच्या तंत्रज्ञाला अंदाज यावा म्हणून तो केला. खरं जुळवणीचं दार ०, ६, २, ५, ९, ६ आणि लगेच इन्फो असं वेगळं आहे. सोनीच्या ट्रिनिट्रॉन या पिक्चर ट्यूबच्या टीव्हींमध्येही असंच काहीसं आहे. स्टँडबायवर डिस्प्ले, ५, व्हॉल्यूम जास्त, पॉवर हा सर्व्हिस मोडचा प्रसिद्ध क्रम. त्यातलं व्हॉल्यूम जास्तच्या जागी व्हॉल्यूम कमी दाबलं, तर बऱ्याच मॉडेलांत सेटने स्वतः नोंदवलेल्या बिघाडांची यादी उघडते. एका बटणाचा फरक. एका बाजूला नुसतं वाचायचं, दुसऱ्या बाजूला सगळं बदलता येतं.

सर्व्हिस मोड वाईट नाही. जुना सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबचा, टीव्ही प्रेमाने जपणाऱ्याला तो लागतोच. चित्र डावीकडे सरकलंय, वरचा भाग ताणलेला आणि खालचा दबलेला, कडेच्या उभ्या रेषा आत वाकलेल्या, मधल्या पांढऱ्यावर गुलाबी झाक, या सगळ्यांचं औषध तिथेच आहे. पण औषध देण्याआधी दोन गोष्टी. एक, प्रत्येक पानाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, मगच पहिला आकडा हलवा. दोन, आपला सेट बदल कधी जतन करतो ते समजून घ्या. सोनीच्या बऱ्याच ट्रिनिट्रॉनमध्ये बदललेला आकडा लिहिण्याची वेगळी आज्ञा दिल्याशिवाय मेमरीत जात नाही. अमेरिकन मॉडेलांत ती म्यूटिंग आणि एंटर. ती न देता टीव्ही बंद केला तर जुने आकडे परत येतात. ही मोठी सोय आहे. अनेक दुसऱ्या सेटांत मात्र आकडा बदलताक्षणी कायमचा लिहिला जातो, तिथे फोटो हाच एकमेव आधार.

आकार जुळवताना आधी मध्य, मग उंची-रुंदी, मग वाकलेपणा, असा क्रम ठेवला तर फिरून फिरून तेच करावं लागत नाही. त्यासाठी चौकटींचा टेस्ट पॅटर्न लावा. मालिका बघत जुळवलेलं चित्र मालिकेपुरतंच बरं दिसतं. आपलं प्रसारण ५० हर्ट्झचं. बरेच जुने व्हिडिओ गेम किंवा अमेरिकन डिस्क ६० हर्ट्झवर चालतात, आणि बऱ्याच सेटांत दोन्हींची मापं वेगवेगळी साठवलेली असतात. एक नीट केलं म्हणजे दुसरं आपोआप नीट होत नाही.

रंगांचं काम नाजूक. टीव्ही अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. कट किंवा बायस नावाचे आकडे चित्राच्या गडद भागावर परिणाम करतात, ड्राइव्ह किंवा गेन नावाचे उजळ भागावर. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पट्ट्यांचं चित्र लावून गडद करड्यातली झाक कटने घालवायची, उजळ करड्यातली ड्राइव्हने. एकेक अंक हलवा आणि थोडा वेळ बघत राहा, डोळ्यांनाही जुळवून घ्यायला अवधी लागतो. फक्त एका कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग असेल तर या मेनूत येऊच नका. तो शेजारच्या स्पीकरच्या चुंबकाचा प्रताप असतो. स्पीकर दूर करा, सेट मेन स्विचने बंद करून थंड होऊ द्या आणि पुन्हा लावा. आतली डीगॉसची, म्हणजे चुंबकत्व घालवणारी, कॉइल सेट सुरू होताना पडदा धुऊन काढते. डाग हळूहळू कमी होत जाईल. चित्र सगळीकडेच धूसर असेल तर तेही इथे मिळणार नाही. फोकस आणि स्क्रीनचे दोन खुंट बहुतेक सेटांत आजही आत ईएचटी ट्रान्सफॉर्मरवर आहेत, जिथून पिक्चर ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर दाब जातो. ते काम सवयीच्या माणसाचं.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. वर्षानुवर्षं नीट चाललेलं चित्र महिन्याभरात वरून-खालून दबलं, तर मापं बिघडलेली नाहीत. मेमरीतला आकडा आपोआप झिजत नाही. तिथे बहुतेकदा चित्राची उंची सांभाळणाऱ्या व्हर्टिकल विभागातला एखादा कपॅसिटर वाळलेला असतो. सर्व्हिस मोडमधून उंची वाढवली की चित्र तात्पुरतं भरतं, बिघाड झाकला जातो, कपॅसिटर आणखी वाळतो आणि पुन्हा आकडा वाढवावा लागतो. शेवटी कपॅसिटर बदलल्यावर चित्र पडद्याबाहेर जातं आणि मूळ आकडा कुणालाच आठवत नाही. मी स्वतः अशा सेटावर एक अख्खा रविवार घालवला आहे. दुरुस्ती आधी, जुळवणी नंतर.

आणि ऑप्शन नावाचं पान. ऑप्शन बाइट, पॅनेल टाइप, काही सेटांत नुसतेच ०१, ०२ असे क्रमांक. हे आकडे सेटला सांगतात की तुझ्यात कोणतं पॅनेल आहे, किती एव्ही जोडण्या आहेत, ट्यूनर कुठला. बाकीच्या आकड्यांत चूक झाली तर चित्र वाकडं दिसतं, इथे चूक झाली तर चित्र दिसेलच असं नाही. या पानाचा फोटो काढा आणि पुढे जा.

मित्राने नेमका हाच आकडा बदलला होता. टीव्ही पुण्यात बुधवार पेठेतल्या एका कारागिराकडे नेला. त्याने मेमरी आयसी उतरवला आणि म्हणाला, याच मॉडेलचा दुसरा सेट मिळाला तर त्यातून नक्कल करून देतो. दुसरा सेट कुठून आणायचा? त्याच लॉजचा आणखी एक टीव्ही मित्राच्या मेव्हण्याने घेतला होता, तो आणला. दोन तासांत काम झालं. रंग परतले, अक्षरं सरळ झाली, मित्राने आनंदाने आवाज वाढवला आणि पट्टी १८वर येऊन थांबली. नक्कल हॉटेलच्याच सेटाची होती, कुलपासकट. मग त्या मॉडेलचा हॉटेल मोड उघडला, पहिली ओळ चालूवरून बंदवर नेली आणि टीव्ही बंद करून पुन्हा लावला. सगळं मिळून मिनिटभर लागलं. मेव्हण्याचा सेटही तिथल्या तिथे मोकळा करून दिला.