तगरीखालच्या लेंड्या

गोव्यात परसातल्या गडग्याला लागून एखादी तगर असतेच. देवाच्या फुलांची सोय. पावसाळ्यात तिच्या बुंध्याशी मिरीच्या दाण्याएवढ्या, काळपट हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसल्या तर एक उचलून पाहावी. तिच्यावर उभ्या खाचा असतील, तर वर कुठेतरी हॉकमॉथची, म्हणजे एका दांडग्या पतंगाची, अळी चरते आहे असे खुशाल समजावे. तगरीवर ती बहुधा डाफ्निस नेरी या जातीची असते.

डाफ्निस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कीटकतज्ज्ञ ह्युब्नरने १८१९ मध्ये मांडली. नेरी ही जाती मात्र सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसच्या १७५८ च्या यादीतलीच. पतंगाचा पंखविस्तार ९ ते ११ सेंटिमीटर, रंग शेवाळी हिरवा, त्यावर गुलाबी-पांढऱ्या लाटा. तिचाच भाऊबंद डाफ्निस हायपोथस अधिक गडद असतो आणि त्याच्या पुढच्या पंखाच्या टोकाला एक बारीक पांढरा ठिपका असतो. घाईत या दोघांची गल्लत होते.

अंडी फिकट हिरवी, दीड मिलिमीटरची, कोवळ्या पानांवर एकेक सुटी घातलेली. नवी अळी जेमतेम ३-४ मिलिमीटरची, पण शेपटीवरचे काळे शिंग तिच्या मानाने भलतेच लांब. चार वेळा कात टाकून ती साडेसात-आठ सेंटिमीटरची होते, तोवर ते शिंग आखूड, पिवळे होऊन खाली वळलेले असते. डोक्यामागे काळ्या कडेचे दोन निळे डोळे असतात, म्हणजे डोळ्यांसारखे ठिपके. एरवी ते घडीत अर्धे झाकलेले. फांदी हलवली की अळी डोके आत घेते, पुढचा भाग फुगवते आणि डोळे वटारते.

ती कण्हेरही खाते. कण्हेरीतले ओलिअँड्रिन हे विष पेशींतला सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा पंप अडवते. गुरे दगावतात ती त्यामुळेच. मोनार्क फुलपाखराने अशा विषापुढे आपल्या पंपाचीच घडण बदलली आहे. नेरीने तसे काहीच केलेले नाही. २००९ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी तपासले तेव्हा तिचा पंप या विषाला अगदी सहज बळी पडतो असे दिसले. मग ती जगते कशी? विष जागेवर पोचूच द्यायचे नाही, हा तिचा मार्ग. २०१३ च्या प्रयोगांत तिच्या मज्जातंतूंच्या मुख्य दोरीभोवतीचे आवरणच विषाला आडवे येते, असे आढळले.

पाळायची असेल तर ज्या झाडावर सापडली त्याचाच पाला द्यावा. तगरीवरची मोठी अळी ऐनवेळी कण्हेरीला तोंड लावीलच असे नाही. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवावी, पण बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर अळी देठावरून उतरून बुडते. घट्ट झाकणाची बरणी नको. आपल्या जुलैतल्या दमट हवेत लेंड्यांना दुसऱ्याच दिवशी बुरशी येते, आणि अळी लिबलिबीत होऊन काळी पडली की उपाय उरत नाही. जाळीचा डबा घ्यावा, लेंड्या रोज काढाव्यात. एखादी दिवसभर न खाता निश्चल बसली तर ती कात टाकते आहे. तिला ओढू नये, पायांची पकड सुटताना इजा होते. पाठीवर तिळाहून बारीक पांढरी अंडी चिकटलेली दिसली तर ती परजीवी माशीची, मग पतंगाची आशा सोडावी. तगर आणि कण्हेर दोन्हींच्या चिकानंतर हात धुवावेत. उरलेला कण्हेरीचा पाला शेळीच्या वाटेत टाकू नये.

पाठ तपकिरी पडू लागली की अळी खाणे सोडून खाली उतरते. ही खोल माती उकरत नाही, पाचोळ्यात चार धागे विणून कोष करते. आपली अंगणे रोज झाडली जातात आणि पाचोळा जाळला जातो. त्यात हे कोष जातात. डब्यात तळाशी पाच सेंटिमीटर कोरडा पाला घालावा, तगरीखालीही एका कोपऱ्यात तेवढा राहू द्यावा. उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत पतंग बाहेर येतो आणि आधी चढायला खडबडीत काठी शोधतो. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून घसरला तर चुरगळलेले पंख तसेच वाळतात. पंख पसरून सुकले, की तिन्हीसांजेला झाकण उघडावे. उडण्याआधी तो जागच्या जागी पंख थरथरवून अंग तापवतो, तेवढा वेळ त्याला द्यावा.