फेडरल विद्यार्थी कर्ज (पदव्युत्तर शिक्षण, अमेरिका)

अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला तिथले केंद्र सरकार स्वतः देते ते कर्ज. याचा पाया १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात आहे. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारखे काही ठरावीक गट यांनाच ते मिळते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पुण्या-मुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्याला मिळत नाही. तिथेच वाढलेल्या मराठी घरांतली मुले मात्र बहुधा पात्र असतात.

अर्ज ‘फॅफ्सा’ या विनामूल्य फॉर्मने, दरवर्षी नव्याने करायचा. पदव्युत्तर विद्यार्थी ‘स्वतंत्र’ धरला जातो, त्यामुळे आईवडिलांचे उत्पन्न लागत नाही. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे धरतात: २०२६-२७ साठी २०२४ चे. करविवरणाची माहिती थेट घेण्याची संमती दिली नाही, तर बाकी सगळे बरोबर असूनही अर्जदार अपात्र ठरतो. पुढे विद्यापीठाचे आर्थिक साहाय्य कार्यालय रक्कम कळवते. ती स्वीकारून, समुपदेशनाचा ऑनलाइन पाठ पुरा करून वचनचिठ्ठीवर सही करावी लागते. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याची सही राहिली की पैसे अडकतात आणि फी भरायची तारीख निघून जाते. शिवाय किमान अर्धवेळ प्रवेश हवा.

१ जुलै २०१२ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना व्याजमाफीचे (शिकत असतानाचे व्याज सरकार भरते असे) कर्ज बंद झाले, आणि खरा भार तिथूनच येतो. पैसे सुटले त्या दिवसापासून व्याज चालू होते. व्याजाचा दर मे महिन्यातल्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या लिलावावर ठरतो. त्यात ३.६ टक्के मिळवतात, कमाल ९.५ टक्के. त्या वर्षी घेतलेल्या कर्जाला तो दर शेवटपर्यंत कायम राहतो. २०२५-२६ चा दर ७.९४ टक्के होता, म्हणजे २०,५०० डॉलर या वार्षिक कमाल कर्जावर वर्षाला सुमारे १,६२८ डॉलर. वर १.०५७ टक्के शुल्क आधीच कापले जाते. हातात येतात सुमारे २०,२८३, व्याज मात्र पूर्ण रकमेवर.

२००६ पासून ‘ग्रॅड प्लस’ कर्जातून शिक्षणाचा उरलेला सगळा खर्च उचलता येई. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केले. आता सर्वसाधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर. वैद्यकी, वकिलीसारख्या व्यावसायिक पदव्यांना ५०,००० आणि २,००,०००. प्रवेश घेण्यापूर्वीच ही मर्यादा खर्चाशी ताडून पाहावी. उरलेल्या रकमेसाठी खासगी कर्ज काढावे लागले, तर फेडरल कर्जासारखी उत्पन्नानुसार हप्त्याची सोय बहुधा मिळत नाही.

शिक्षण संपल्यावर किंवा प्रवेश अर्धवेळाच्या खाली गेल्यावर हप्ते सुरू व्हायला सहा महिन्यांची सवलत असते. ती एकदाच मिळते. मध्येच शिक्षण सोडून सहा महिने उलटले, तर परत आल्यावर त्या जुन्या कर्जाला ती पुन्हा नाही. मंजूर झालेली सगळी रक्कम घेण्याचे बंधन नसते. जास्त घेतली गेली तर पैसे सुटल्यापासून १२० दिवसांत परत करावेत. तेवढ्या रकमेचे शुल्क आणि व्याज दोन्ही रद्द होतात.