जागेचं भाडं आणि पलंगाचं भाडं: कॅम्पग्राउंड आणि ग्लॅम्पिंग यांतला फरक

मोकळ्या रानात तंबू दिसले की आपण सरसकट कॅम्पिंग म्हणून मोकळे होतो. पाहुण्याचं त्यावाचून काही अडत नाही. पण ग्रामीण भागातल्या जमिनीत पैसे घालून हा व्यवसाय उभा करणाऱ्याने कॅम्पग्राउंड आणि ग्लॅम्पिंग यांत गल्लत केली, तर गणित पहिल्याच पानावर चुकतं. नवख्याच्या कागदावर दर ग्लॅम्पिंगचा धरलेला असतो आणि खर्च कॅम्पग्राउंडचा. अशा हिशेबात नफा भरपूर दिसतो, आणि त्याच्यावर विसंबून माणसं कर्ज काढतात.

कॅम्पग्राउंडमध्ये तुम्ही जागा भाड्याने देता, ग्लॅम्पिंगमध्ये तयार तंबूतला पलंग. बाकीचे सगळे फरक यातूनच येतात.

कॅम्पग्राउंडवर येणारा आपला तंबू, अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह सोबत आणतो. त्याला हवी असते पाणी न साचणारी सपाट जागा, गाडी लावायची सोय, पिण्याचं पाणी, स्वच्छ शौचालय आणि शेकोटीसाठी ठरलेली चौकट. 1962 साली अमेरिकेत मोन्टाना राज्यातल्या बिलिंग्ज इथे डेव्ह ड्रम यांनी यलोस्टोन नदीकाठच्या जमिनीवर एवढ्याच गोष्टी दिल्या. सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या मोटारी तिथून जात होत्या. टेबल, शेकोटीची जागा, गरम पाण्याची आंघोळ, छोटं दुकान. के.ओ.ए. (कॅम्पग्राउंड्स ऑफ अमेरिका) ही कॅम्पग्राउंडची मोठी साखळी तिथून सुरू झाली.

म्हणजे इथे खरा माल जमीन आहे, आणि तो खराब होऊ शकतो. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड या उंच वृक्षांच्या रायांमध्ये लोक वाटेल तिथे गाड्या नेत आणि तंबू ठोकत. वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेके यांनी दाखवून दिलं की चाकांनी आणि पायांनी माती चोपून घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं, वरच्या थरातली बारीक मुळं गुदमरतात आणि झाडं खंगत जातात. 1932 च्या सुमारास त्यांनी उपाय मांडला: एकेरी वळणाचा रस्ता, त्याला प्रत्येक जागेसाठी एक आखूड फाटा, गाडी पुढे जाऊ नये म्हणून ओंडके किंवा दगड, आणि टेबल-चूल एका जागी पक्की. टेबल हललं नाही की माणसांच्या पायवाटाही तेवढ्यातच राहतात. आजही कितीतरी कॅम्पग्राउंडचे नकाशे असेच असतात. मला ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण ज्या सावलीसाठी पाहुणा येतो ती सावली तिच्यामुळे टिकते.

ग्लॅम्पिंग हा शब्द त्या मानाने अलीकडचा. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात तो 2016 साली गेला. इथे तंबू तुमचा, खालचा लाकडी ओटा तुमचा, गादी, दिवे, बऱ्याचदा न्हाणीघरही तुमचं. थोडक्यात, कापडी भिंतींचं हॉटेल. एका रात्रीचा दर कॅम्पग्राउंडच्या कितीतरी पट मिळतो, पण त्यासाठी राबणारे हात वेगळे लागतात. दहा तंबू धरा. जुने पाहुणे अकराला जातात, नवे तीनला येतात. एक तंबू झाडून, चादरी-अभ्रे बदलून, न्हाणीघर धुऊन तयार करायला एका माणसाला पाऊण तास लागला, तर दहा तंबूंना साडेसात तास झाले. हातात आहेत चार. म्हणजे निदान दोन माणसं हवीत, तीही नेमकी शनिवार-रविवारी. शिवाय धुतलेल्या चादरी वाळणार कुठे, हा प्रश्न पावसाळी हवेत उभा राहतोच.

कापडाचंही सांगायला हवं. माणसांच्या श्वासातली वाफ रात्री तंबूच्या आतल्या बाजूला दव होऊन बसते. पहाटे छतावरून हात फिरवला तर बोटं ओली होतात. दिवसा हवा खेळली नाही की गादीला कुबट वास येतो आणि शिवणीपाशी बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. कॅनव्हास ओला असताना घडी घालून ठेवला तर हंगाम सुरू व्हायच्या आतच तो खराब होतो. आणि ऊन कापडाला रोज खातं, पाहुणा असो वा नसो.

ही शेवटची गोष्ट गुंतवणूकदाराने नीट समजून घ्यावी. हंगाम सहा महिन्यांचा आणि गर्दी फक्त शुक्रवार-शनिवारच्या रात्री असेल, तर 26 आठवड्यांच्या 52 रात्री होतात. सगळ्या भरल्या तरी वर्षातल्या 365 रात्रींपैकी साधारण 14 टक्के. उरलेल्या 313 रात्री मोकळी जमीन फारसं काही मागत नाही. तंबू मात्र उभा असेल तर झिजतो आणि उतरवला तर मजुरी व कोरडी जागा मागतो. घसारा आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालूच राहतात.

सांडपाण्याचा भार दोन्हीकडे आहे, पण मांडणी वेगळी. कॅम्पग्राउंडला एकच सामाईक स्वच्छतागृह पुरू शकतं. ग्लॅम्पिंगमध्ये तंबूलाच न्हाणीघर असेल तर प्रत्येक तंबूपर्यंत नळ आणि मैलापाण्याची वाहिनी न्यावी लागते. म्हणून नकाशा काढण्याआधी जमिनीत खड्डा खणून पाणी भरा आणि ते किती वेळात मुरतं ते तपासून घ्या. चिकणमाती असेल तर शोषखड्ड्यांना जागा जास्त लागते आणि तंबूंची संख्या तिथेच ठरून जाते. सर्वांत गर्दीची रात्र धरून हिशेब करा, सरासरी धरून नको. पक्का ओटा, नळ, वीज आली की अनेक ठिकाणी नियमांच्या लेखी ते बांधकाम ठरतं, त्यामुळे परवानगीची चौकशीही दोन्हींसाठी वेगवेगळी करावी लागते. विमा कंपनीलाही शेकोटी आणि कापडी खोल्या स्पष्ट सांगाव्या लागतात.

दोन्ही एकाच जमिनीवर चालू शकतात. माझा कल असा: रस्ता, पाणी आणि स्वच्छतागृह आधी, त्यावर एक पूर्ण हंगाम नुसत्या जागा भाड्याने द्याव्यात, आणि आठवड्याच्या मधल्या वारी कोण येतं, तंबू नसलेले किती जण चौकशी करतात याची वही ठेवावी. त्या चौकशा पुरेशा निघाल्या तर दोन-तीन तंबू, तेही जमिनीपासून उचललेल्या आणि काढून नेता येतील अशा ओट्यांवर. काही वर्षांनी हात आखडता घ्यावा लागला तर कॅम्पग्राउंडच्या जमिनीवर पुन्हा गवत वाढू शकतं, किंवा दुसरं काही करता येतं. ग्लॅम्पिंगवाल्याला मात्र तेव्हा वापरलेल्या कॅनव्हासला गिऱ्हाईक शोधावं लागतं.