एसटीची ज्येष्ठ नागरिक सवलत: कोल्हापुरात तिकीट कुठं अडतं?

एसटीत ६५ पूर्ण झाल्यावर अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाल्यावर मोफत प्रवास, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मोफत प्रवासाची ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’ २६ ऑगस्ट २०२२ पासून आहे. तरी गाडीत वाद व्हायचे ते होतातच.

‘पंच्याहत्तरावं लागलं’ म्हणजे ७४ पूर्ण झाली. मोफत तिकीट अजून वर्षभर लांब आहे. बँकेत ६० ला ज्येष्ठ नागरिक झालात तरी एसटीत ६५ भरावी लागतात. महिलांना १७ मार्च २०२३ पासून सरसकट अर्धं तिकीट आहे, त्यामुळे त्यांना वयाचा पुरावा लागतो तो ७५ नंतरच.

खरी अडचण जुन्या आधार कार्डाची. त्यावर पूर्ण तारीख नसते, नुसतं ‘जन्म वर्ष’ छापलेलं असतं. ज्या वर्षी ७५ भरतात त्या वर्षी वाहकाने काय समजायचं? आधी ई-आधार डाउनलोड करून बघा. नोंदीत पूर्ण तारीख असेल तर नव्या प्रतीवर ती येते. ओटीपीसाठी मोबाईल जोडलेला हवा, आणि नेमका तोच पुष्कळांचा नसतो. मग आधार केंद्र गाठावं लागतं. तारीखच चुकीची असेल तर दुरुस्ती तिथंच होते, पण पासपोर्ट किंवा पेन्शनचा आदेश यांसारखा पुरावा लागतो. ही दुरुस्ती साधारण एकदाच मिळते, म्हणून अर्जावरचा आकडा दोनदा वाचून मगच सही करा.

तोवर पॅन कार्ड खिशात ठेवा. ते चालतं आणि त्यावर पूर्ण जन्मतारीख असते. जुन्या मतदार ओळखपत्रावर अमुक साली १ जानेवारीला वय इतकं, असं लिहिलेलं असतं. भरल्या गाडीत वाहकाला ती बेरीज करायला लावू नका.

ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स नको. मोबाईलवर डिजिलॉकरमधलं आधार चालतं, गॅलरीतला फोटो चालत नाही. प्रवास मोफत असला तरी शून्य रकमेचं तिकीट घ्यायचंच. आगारात सवलतीच्या कार्डासाठी नोंदणीची सूचना लागली असेल तर नोंदणी तिथल्याच खिडकीवर करा. बाहेरच्या एजंटाला पैसे कशाला?

आता गाड्यांचं. केएमटी ही कोल्हापूरची शहर बस महापालिकेची आहे, तिथं एसटीची सवलत लागू नाही. सांगली-मिरजेत शहर बस एसटीचीच, तरीही शहरी सेवेला ही सवलत नाही. गाडीवर एसटीचं नाव आणि तिकीट मात्र पूर्ण, हे म्हाताऱ्या माणसाला पटवायचं काम बिचाऱ्या वाहकावर सोडलंय.

निपाणी-बेळगावला जाताना मोफत प्रवास राज्याच्या हद्दीपर्यंतच. कागल सोडून हद्द संपली की पुढचं भाडं पडतं. तेवढे सुटे पैसे जवळ असू द्या. आणि स्टँडवर आधी लागली म्हणून कर्नाटकच्या गाडीत बसलात, तर एसटीची सवलत पहिल्यापासूनच नाही. तिथली महिलांची मोफत ‘शक्ती’ योजनाही कर्नाटकच्या रहिवासी महिलांनाच आहे, त्यामुळे आपलं आधार तिथं दाखवून उपयोग नाही.