पोलादी ठशातली पोकळी

प्रसिद्ध लोगोवर सरसर वर्तुळं उमटतात आणि ‘रेनेसाँसच्या कलावंतांचं १.६१८चं गुपित’ उलगडलं जातं, अशी रील्स अधूनमधून फिरत असतात. पुरेशी वर्तुळं काढली तर ती कांदाभज्यांवरही बसतील. गंमत म्हणजे, ज्या लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १५०९ साली व्हेनिसमध्ये या सुवर्ण गुणोत्तरावरचं पुस्तक छापलं, त्याने त्याच पुस्तकात रोमन कॅपिटल अक्षरंही चौरस-वर्तुळांतून काढून दाखवली. पण तिथे जाड रेघेची रुंदी त्याने सांगितली ती उंचीच्या एक नवमांश. १.६१८ नाही!

आजचं ग्राफिक डिझाइन त्या काळाचं खरं देणं लागतं ते छपाईच्या अक्षरांचे ठसे कोरणाऱ्या कारागिरांचं. बोलोन्याचा फ्रांचेस्को ग्रिफो त्यातला एक. व्हेनिसचा प्रकाशक आल्दुस मानुतिउस याच्यासाठी त्याने टाइप, म्हणजे छपाईची अक्षरं, कोरले. १५०१मध्ये हातात मावणाऱ्या छोट्या पुस्तकांसाठी वापरलेला पहिला इटॅलिक, म्हणजे तिरका टाइप, त्याचाच. मोनोटाइप या कंपनीचा १९२९चा ‘बेंबो’ हा टाइप त्याच्याच जुन्या रोमन, म्हणजे उभ्या, टाइपवर बेतलेला आहे.

ठसा असा होई. नरम केलेल्या पोलादी सळीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. अनेक कारागीर सुरुवात रेघांपासून करतच नसत. आधी अक्षराच्या पोटातल्या पोकळीच्या आकाराचा एक छोटा ठसा तयार करायचा, तो सळीच्या टोकात ठोकायचा आणि मग बाहेरचं पोलाद कानशीने घासत आणायचं. तोच पोकळीचा ठसा छोट्या ‘एन’ला (n) आणि ‘एच’लाही (h) चाले, म्हणून ती अक्षरं एका घरची दिसतात. काम कसं जमलंय हे बघायला टोक मेणबत्तीच्या ज्योतीत काळं करून कागदावर दाबायचं. पसंत पडलं की पोलाद तापवून, पाण्यात बुडवून कडक करायचं, तांब्यात ठोकून मातृका, म्हणजे अक्षराचा खोलगट साचा, करायची आणि तीवर शिसं, कथील, अँटिमनीच्या मिश्रधातूचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, ओतायचे. ओतायच्या साच्याचे दोन भाग एकमेकांवर सरकत, त्यामुळे ‘आय’चा खिळा अरुंद आणि ‘एम’चा रुंद निघे.

मला सर्वांत भावतं ते पुढचं. प्रत्येक मापासाठी ठसे नव्याने कोरावे लागत आणि बारीक टाइप हा मोठ्याची नुसती लहान प्रत नसे. कारण शाई. समजा, दाबामुळे ती रेघेच्या दोन्ही बाजूंना ०.०५ मिमी पसरते. १ मिमीची रेघ १.१ मिमी होते, म्हणजे १० टक्के जाड. ०.२ मिमीची रेघ ०.३ होते, म्हणजे ५० टक्के! पसरणं तेवढंच, पण प्रमाण पाचपट. आणि तेवढीच पोकळी आतून बुजते. म्हणून बारीक टाइप थोडा रुंद, पोकळ्या मोकळ्या आणि नाजूक रेघा जरा भक्कम ठेवत.

संगणकावर एकच बाह्यरेखा सगळ्या मापांना ताणायची सोय झाली आणि हे शहाणपण बरंचसं हरवलं. २०१६मध्ये आलेल्या व्हेरिएबल फाँटमध्ये मापानुसार आकार बदलण्याची सोय आहे. ‘क्रांतिकारी तंत्रज्ञान’ म्हणून तिचा गाजावाजा करणाऱ्यांनी आधी ग्रिफोच्या काळातले टाइप भिंगातून पाहावेत.

खिळ्यांनी छापायचं तंत्र १५५६मध्ये गोव्यात पोहोचलं, पण आपल्या लिपीपाशी अडलं. तिथल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने १६०८च्या पत्रात तक्रार केली आहे: युरोपची २४ अक्षरं, तर इथे जोडाक्षरांसकट ६००च्या आसपास साचे लागतील. त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापलं गेलं ते रोमन लिपीत. आजही देवनागरी फाँट करणाऱ्याला जोडाक्षरांसकट शेकडो आकार हाताळावे लागतात.